पाण्यातले, पालेभाजीतले परजीवी: संशोधनाची पहिली पाच वर्षं

परजीवींवर पीएचडी करायची म्हणून येणारे बरेच विद्यार्थी ‘महाराष्ट्रातील जलजन्य परजीवींचा अभ्यास’ असा विषय ठरवून येतात. एवढ्या मोठ्या विषयात पाच वर्षं कुठे गेली ते कळत नाही. परजीवी कोणता, तो कशात शोधायचा, कुठे आणि कधी, या चारही गोष्टी एका वाक्यात मावल्या की विषय हातात आला असं समजावं. उदाहरणार्थ: ‘एका तालुक्यातल्या वीस पाणीपुरवठा विहिरींत उन्हाळ्यात आणि पावसाच्या पहिल्या सहा आठवड्यांत क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी सापडतो का, आणि सापडला तर तो गुरांकडून आलेला की माणसांकडून’. यातला प्रत्येक शब्द पुढे खर्चाचा, वेळेचा आणि परवानग्यांचा हिशोब ठरवतो.

कुठल्या पदवीतून येता यावर नमुने कुठले मिळणार हे ठरतं. एमडी मायक्रोबायोलॉजीवाल्याला रुग्णांचे शौचाचे नमुने सहज मिळतात. परळच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून परजीवीशास्त्रात एमव्हीएस्सी केलेल्याला गोठा उघडा असतो. पर्यावरण अभियांत्रिकीवाल्याला जलशुद्धीकरण केंद्रात कोण काय करतं ते माहीत असतं. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञानात एमएस्सी केलेल्यांचे हात प्रयोगशाळेत सर्वांत तयार असतात, पण नमुन्यांसाठी त्यांना दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी माणूस, जनावर आणि पाणी अशा तीन ठिकाणी फिरतो, त्यामुळे आपल्याकडे नसलेल्या दोन बाजूंचा सहकारी पहिल्याच वर्षी जोडून घ्यावा.

प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाच्या शोधनिबंधांची यादी बघून थांबू नका. प्रत्यक्ष जा आणि विचारा: फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आज चालू आहे का, त्याचा दिवा शेवटचा कधी बदलला? ५० मिलीच्या नळ्या बसणारा, झुलत्या बकेटचा सेंट्रिफ्यूज आहे का? पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे परजीवी नक्की असलेला नमुना, कुठून आणता? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या प्रयोगशाळेतल्या निगेटिव्ह निकालांवर भरवसा ठेवणं अवघड आहे. त्याचं कारण पुढे सविस्तर येतं.

परजीवी निवडताना

पाणी आणि कच्चं अन्न यांतून पसरणाऱ्या एकपेशीय परजीवींत चार नावं मुख्य. एन्टामिबा हिस्टोलिटिका म्हणजे रक्ती आवेचं जुनं कारण. याची सिस्ट (शौचातून बाहेर पडणारं कवचबंद रूप) १० ते २० मायक्रोमीटरची, पिकली की चार केंद्रकांची. मात्र एन्टामिबा डिस्पार हा निरुपद्रवी जातभाई मायक्रोस्कोपखाली हुबेहूब तसाच दिसतो. गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्याशिवाय केवळ सिस्टवरून ‘हिस्टोलिटिका’ लिहिता येत नाही, ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ एवढंच लिहावं आणि पुढचं पीसीआर (डीएनए अनेक पटींनी वाढवून ओळखण्याची चाचणी) किंवा अँटिजेन चाचणीवर सोडावं. हे दोन वेगळे आहेत हे १९९३ मध्ये पक्कं झालं. त्याआधीच्या सर्वेक्षणांतले आमांशाचे आकडे आपल्या प्रस्तावनेत घेताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

जिआर्डियाची सिस्ट लंबगोल, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांब. शिकायला हा सगळ्यांत सोपा. सायक्लोस्पोरा गोल, ८ ते १० मायक्रोमीटरचा. अमेरिका-कॅनडातल्या १९९६ च्या मोठ्या साथीत तो ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरीतून पसरला होता. शौचातून बाहेर पडते तेव्हा याची ऊसिस्ट (सिस्टसारखंच कवचबंद रूप) कच्ची असते. २२ ते ३२ अंश तापमानात एक-दोन आठवडे गेल्याशिवाय ती संसर्ग करू शकत नाही. म्हणून घरातल्या एकाकडून दुसऱ्याला थेट लागण असा अभ्यास सायक्लोस्पोरावर आखूच नये.

चौथा क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, ४ ते ६ मायक्रोमीटर. नवीन माणसाने याच्यावर काम करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सात देशांच्या मोठ्या अभ्यासात (कोलकाता त्यातलं एक केंद्र होतं) अर्भकांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांत रोटाव्हायरसच्या खालोखाल याचा नंबर लागला. तो बाहेर पडतो तोच संसर्गाला तयार होऊन. क्लोरीनला तो दाद देत नाही. २५ अंश तापमान आणि साडेसात सामू (पीएच) असताना ९९.९ टक्के ऊसिस्ट मारायला क्लोरीनचं प्रमाण आणि मिनिटं यांचा गुणाकार १५,३०० लागतो. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन सतत ठेवलं तरी साडेदहा दिवस. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ओटी चाचणीत (पिवळ्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या) जे ०.२ मिलिग्रॅम बघतो, त्या प्रमाणाला ५३ दिवस. विहिरीचं पाणी ओटीला पिवळं येतं, ई-कोलाय सापडत नाही, गावाला हिरवं कार्ड मिळतं, आणि तरीही त्यात क्रिप्टो असू शकतो. जिवाणूंच्या चाचण्या जे सांगू शकत नाहीत ते सांगण्यासाठी तुमची गरज आहे.

पहिले तीन महिने मायक्रोस्कोपचे

पीसीआरची घाई करू नका. आधी आय-पीसमधली मोजपट्टी जुळवून घ्या. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. चाळीसच्या लेन्सखाली आय-पीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० रेघांवर बसल्या, तर ४० रेघा म्हणजे १०० मायक्रोमीटर, एक रेघ अडीचची. मग क्रिप्टो दोन रेघांत बसेल, सायक्लोस्पोरा साडेतीन-चार रेघांत. हा हिशोब प्रत्येक लेन्ससाठी वेगळा करायचा, कागदावर लिहून मायक्रोस्कोपला चिकटवायचा, आणि मायक्रोस्कोप किंवा आय-पीस बदलला की नव्याने करायचा. ‘बारीक गोल दिसलं’ अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. यीस्ट, परागकण आणि सायक्लोस्पोरा यांची गल्लत बहुतेक वेळा न मोजल्यामुळेच होते.

ओला स्मिअर करताना ०.८५ टक्के सलाइनचा एक थेंब आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकावर येईल एवढंच, साधारण २ मिलिग्रॅम, शौच. स्मिअर किती पातळ हवा? स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. शेजारी दुसरा थेंब ल्युगॉल आयोडीनचा. आयोडीनने सिस्टची केंद्रकं उठून दिसतात, पण चालणारा अमिबा मरतो, म्हणून हालचाल सलाइनमध्येच बघायची. तीही पातळ शौच बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासात. वॉर्डातून नमुना दोन तासांनी आला तर अमिबाचा निकाल त्यावरून देऊ नका, नव्याने मागवा. कव्हरस्लिप एका कोपऱ्यापासून नागमोडी पूर्ण बघायची, आधी दहावर, मग चाळीसवर. एकाच रुग्णाचे दिवसाआड तीन नमुने घ्यायचे, कारण सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत.

क्रिप्टोसाठी सुधारित झील-नील्सन रंगक्रिया शिका. पातळ स्मिअर हवेत वाळवायचा, मिथेनॉलमध्ये ३ मिनिटं पक्का करायचा. थंड कार्बोल फुक्सिन १५ मिनिटं, पाण्याने धुवायचा. १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलने १० ते १५ सेकंद रंग उतरवायचा, पुन्हा धुवायचा, ०.४ टक्के मॅलाकाइट ग्रीन ३० सेकंद, धुवून वाळवायचा, आणि शंभरच्या लेन्सवर तेल घालून बघायचं. हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी ते गडद लाल गोल दिसले पाहिजेत. चांगल्या रंगलेल्या ऊसिस्टमध्ये आत गडद ठिपके आणि एका बाजूला चंद्रकोरीसारखी आकृती ओळखू येते. नुसता एकसारखा लाल ठिपका, कडा तीक्ष्ण आणि लेन्स वर-खाली केली की चकाकणारा, हा बहुधा रंगाचा साका असतो. फुक्सिन वापरण्याआधी गाळलं नाही की असे साके हमखास पडतात. स्मिअर जाड असेल तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही आणि यीस्टसुद्धा लाल राहतं. रंग जास्त वेळ उतरवला तर खरी ऊसिस्टही फिकी पडते. सायक्लोस्पोरा या रंगात मुळातच लहरी आहे: एकाच स्लाइडवर एक लालभडक, दुसरी गुलाबी, तिसरी अजिबात न रंगलेली, चुरगळलेल्या सेलोफेनसारखी. अशी दिसली की तोच स्मिअर यूव्ही प्रकाशाखाली धरा. सायक्लोस्पोराची भिंत कुठल्याही रंगाविना निळी चमकते.

प्रत्येक बॅचमध्ये माहीत असलेली एक पॉझिटिव्ह स्लाइड सोबत रंगवायची. ती लाल आली नाही तर त्या दिवसाच्या सगळ्या स्लाइड रद्द.

या रंगाची मर्यादाही आकड्यात माहीत हवी. घट्ट शौचात ग्रॅममागे पाच लाखांच्या आसपास ऊसिस्ट असतील तेव्हाच झील-नील्सनमध्ये त्या भरवशाने सापडतात. पातळ शौचात दहा हजारांना. जुलाब थांबलेल्या मुलाचा नमुना निगेटिव्ह आला म्हणजे मूल परजीवीमुक्त झालं असं नसतं. घरच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचं डीपीडीएक्स हे मोफत संकेतस्थळ उघडून ठेवा. तिथली चित्रं आणि आपली स्लाइड शेजारी-शेजारी बघण्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही.

पाणी: दहा लिटरचं काम

शौचाच्या एका ग्रॅममध्ये लाखो ऊसिस्ट असतात, पाण्याच्या लिटरमध्ये कदाचित एकही नसते. म्हणून आधी भरपूर पाणी गाळून ते काही मिलीवर आणावं लागतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्रिप्टो आणि जिआर्डिया १० लिटरमध्ये नसावेत असं म्हटलं आहे. तुमच्या नमुन्याचं माप तेच ठेवा, म्हणजे निकाल मानकाशी ताडून बघता येतो.

पैसे असतील तर १ मायक्रोमीटर छिद्रांची फिल्टर कॅप्सूल, मग चुंबकीय मण्यांनी ऊसिस्ट वेगळ्या करणं, मग फ्लुरोसन्ट अँटिबॉडी आणि डॅपी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग). अमेरिकेची १६२३ पद्धत ती हीच. दर नमुन्याचा खर्च जबर असतो आणि किट बाहेरून येतात. मागणी नोंदवल्यापासून हातात पडेपर्यंत कधी कधी महिने जातात, आणि मुदत मात्र तेवढ्यात सरत आलेली असते. पावसाळ्यातला अभ्यास असेल तर किटची मागणी जानेवारीतच नोंदवा.

पैसे कमी असतील तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका पाडण्याची पद्धत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहे. १० लिटर पाण्यात १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १०० मिली आणि १ मोलर सोडियम बायकार्बोनेट १०० मिली घालून ढवळायचं. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब घालून सामू १० वर आणायचा. पाणी दुधाळ होतं. भांडं चार तास किंवा रात्रभर हलवायचं नाही. पांढरा साका तळाशी बसताना ऊसिस्ट आपल्यासोबत खाली नेतो. वरचं पाणी नळीने हळूच काढायचं. नळीचं तोंड साक्यापासून दोन बोटं वर ठेवा, शेवटच्या अर्ध्या लिटरची हाव धरू नका. साक्यात १० टक्के सल्फॅमिक आम्ल २०० मिली घातलं की तो फसफसून विरघळतो. मग ३००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट जोराने) १० मिनिटं फिरवून खालचा गोळा घ्यायचा. या पद्धतीने ऊसिस्टच्या जिवंतपणावर परिणाम होतो, तेव्हा ‘जिवंत किती’ हा प्रश्न असेल तर ही वापरू नका.

इथे जी आणि आरपीएम (मिनिटाचे फेरे) यांचा गोंधळ नेहमीचा. शोधनिबंधात १५०० जी लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी सेंट्रिफ्यूजवर १५०० आरपीएम लावतो. सूत्र असं: जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंटीमीटर) × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर १५०० जी साठी साधारण २९९० आरपीएम लागतात. १५०० आरपीएम लावले तर हाती जेमतेम ३८० जी येतात, आणि क्रिप्टोसारख्या हलक्या ऊसिस्ट वरच्या पाण्याबरोबर मोरीत जातात. ब्रेकही बंद ठेवा. झटक्यात थांबलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये सैल गोळा पुन्हा पाण्यात मिसळतो.

पावसाळ्यातलं गढूळ पाणी वेगळ्या तऱ्हेने त्रास देतं. फिल्टर दोन-तीन लिटरमध्येच तुंबतो आणि गोळ्यात माती एवढी येते की चुंबकीय मणी तिच्यात अडकून बसतात. किती लिटर खरोखर गाळलं ते लिहा, गोळा अर्ध्या मिलीपेक्षा मोठा असेल तर वाटून घ्या, आणि वाटलेला प्रत्येक भाग तपासा. गढूळपणा एनटीयू या एककात मोजून त्याच वहीत नोंदवा. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोने सुमारे चार लाख तीन हजार लोक आजारी पडले, तेव्हा शुद्धीकरण केंद्राच्या गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. क्लोरीन त्या पाण्यातही होतंच.

अँटिबॉडीने रंगवलेली स्लाइड बघताना हिरवी चमकणारी प्रत्येक गोल वस्तू ऊसिस्ट धरू नका. शेवाळ स्वतःहून चमकतं, बहुधा लालसर-पिवळसर. क्रिप्टोला सफरचंदी हिरवी कडा, माप ४ ते ६, आणि डॅपीखाली आत जास्तीत जास्त चार निळी केंद्रकं, अशी तिन्ही लक्षणं जुळली तर ‘निश्चित’ लिहा. केवळ कडा आणि माप जुळलं तर ‘संभाव्य’. हे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

मेथी, कोथिंबीर, पालक

आपल्याकडे कोथिंबीर कच्चीच पोटात जाते: कोशिंबिरीवर, मिसळीवर, ओल्या चटणीत. तेव्हा पालेभाज्यांचा अभ्यास करायचा तर पहिला मान तिचा. जुडी विकत घेताना चार गोष्टी तिथल्या तिथे टिपा: मुळासकट आहे का, मुळाशी माती किती, विक्रेता जुडीवर पाणी मारतो का, आणि ते पाणी कुठल्या बादलीतलं. त्या बादलीतलं लिटरभर पाणीही नमुना म्हणून मागून घ्या. शेतात भाजी स्वच्छ असून ती मंडईत दूषित झाली असेल, तर ते या बादलीवरूनच कळेल.

३० ग्रॅम पानं तोला, मुळं कापून वेगळी ठेवा. १ मोलर ग्लायसिन, सामू ५.५, यातलं २०० मिली जाड पिशवीत पानांवर ओता. २०० मिलीसाठी ग्लायसिन १५ ग्रॅम लागतं. पिशवी हलक्या हाताने मिनिटभर वर-खाली करा. कोमट पाण्यात बाळाचे कपडे चुबकतात तेवढाच जोर. पानं चेचली की हिरवा रस आणि त्यातली पॉलिफिनॉलं बाहेर येतात आणि पुढे पीसीआर अडवतात. मेथी यात सर्वांत वाईट. द्रव गाळून २५०० जी वर १० मिनिटं फिरवा, गोळा बफरने धुवा, मग पाण्याच्या नमुन्यासारखंच पुढे चला. ग्लायसिन नसेल तर ०.१ टक्के अल्कोनॉक्सच्या पाण्याने धुतात. सायक्लोस्पोरासाठी अमेरिकेच्या एफडीएच्या पद्धतीत तेच आहे. मात्र अभ्यासाच्या मध्यावर धुण्याचं द्रावण बदलू नका, आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र मांडता येत नाहीत.

डीएनए

नमुना कशात ठेवता यावर पीसीआर होणार की नाही ते पहिल्याच दिवशी ठरतं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या शौचातून चांगला डीएनए मिळत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करा: एक फॉर्मलिनमध्ये मायक्रोस्कोपसाठी, एक २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, एक तसाच उणे २० अंशांत. डायक्रोमेटमधल्या नमुन्याचा डीएनए काढण्याआधी तो तीन-चार वेळा पाण्याने धुवून पिवळेपणा पूर्ण घालवा. हे रसायन कर्करोगकारक आहे, हातमोज्यांशिवाय शिवू नका आणि बेसिनमध्ये ओतू नका.

ऊसिस्टची भिंत चिवट असते, नुसत्या किटच्या द्रावणाने ती फुटत नाही. द्रव नायट्रोजन आणि ६५ अंशांचं पाणी यांत आलटून-पालटून पाच ते दहा वेळा गोठवणं-वितळवणं, किंवा मणी घालून जोरात हलवणं, यातलं एक करावंच लागतं. पीसीआर मिश्रणात बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घातलं तर शौचातले, मातीतले अडथळे बरेच कमी होतात. त्यावरही प्रत्येक नमुन्यात बाहेरून घातलेला एक ओळखीचा डीएनए वाढतो का ते बघा. तो वाढला नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, ‘अडथळा’ लिहायचं आणि नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावायचा.

जात ओळखायला १८एस जनुकाचा दोन फेऱ्यांचा पीसीआर, उपप्रकारासाठी जीपी६० जनुक. क्रिप्टोची होमिनिस जात निघाली तर माणसांकडे बोट, पार्व्हम निघाली तर माणूस किंवा वासरू दोन्ही शक्य, आणि तिथे जीपी६० लागतो. जिआर्डियात ए आणि बी हे गट माणसांत आढळतात. त्यासाठी टीपीआय, जीडीएच आणि बीटा-जिआर्डिन यांतली किमान दोन जनुकं लावा, एकावर निष्कर्ष काढू नका. दोन फेऱ्यांच्या पीसीआरमध्ये पहिल्या फेरीची नळी उघडली की डीएनए हवेत उडतो. मिश्रण बनवायची जागा, नमुना घालायची जागा आणि जेल चालवायची जागा अशा तीन वेगळ्या जागा, तीन वेगळी पिपेटं. यात काटकसर केलेल्या प्रयोगशाळेत काही महिन्यांनी पाण्याचा कंट्रोलसुद्धा पॉझिटिव्ह येऊ लागतो, आणि तो कधीपासून येत होता हे कुणालाच सांगता येत नाही.

शून्याचा हिशोब

या विषयातलं सर्वांत मोठं काम शून्य नीट लिहिण्याचं आहे. साठ नमुने तपासले, एकही पॉझिटिव्ह नाही. खरं प्रमाण किती असू शकतं? ढोबळ नियम: तीन भागिले नमुन्यांची संख्या. म्हणजे साठात शून्य आलं तरी ५ टक्क्यांपर्यंत दूषितपणा असू शकतो, ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं.

आता त्यात रिकव्हरी घाला. मोजून घेतलेल्या १०० ऊसिस्ट स्वच्छ पाण्यात आणि प्रत्यक्ष विहिरीच्या पाण्यात सोडा, सगळी पद्धत चालवा आणि किती परत मिळतात ते मोजा. लाल रंगाने आधीच खूण केलेल्या मृत ऊसिस्ट विकत मिळतात, त्या खऱ्या नमुन्यातच घालता येतात आणि नमुन्यातल्या मूळच्या ऊसिस्टपासून वेगळ्या ओळखू येतात. शंभरातल्या तीस परत मिळाल्या तर निराश होऊ नका, क्रिप्टोत हा आकडा वाईट नाही. १६२३ पद्धत खऱ्या पाण्यासाठी १३ टक्केसुद्धा स्वीकारते. पण मग १० लिटर पूर्ण तपासून शून्य आल्यावर हिशोब असा होतो: ३ भागिले (१० × ०.३), म्हणजे लिटरला १ ऊसिस्टपर्यंत असू शकते. रिकव्हरी मोजलीच नसेल तर हा भागाकार करता येत नाही आणि तुमच्या शून्याला काहीच अर्थ उरत नाही. दर वीस नमुन्यांमागे एक, आणि पाण्याचा रंग-गढूळपणा बदलला की लगेच एक, अशी रिकव्हरी चाचणी वेळापत्रकातच बसवा.

नमुने किती घ्यायचे तेही आधी काढा. प्रमाण १० टक्के असेल असा अंदाज आणि ५ टक्क्यांची चूक चालणार असेल तर १३९ नमुने पुरतात. चूक ३ टक्क्यांवर आणायची तर ३८५. मार्गदर्शकाने ‘शंभर घे’ म्हटलं तर हा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा.

परवानग्या, सुरक्षा, पैसा

माणसांचे नमुने असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी नमुना घेण्याआधी हवी, आणि संमतिपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल अशा भाषेत. लहान मुलांसाठी पालकांची सही, सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. नमुने परदेशात पाठवायचे असतील तर आयसीएमआरमार्फतची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) परवानगी लागते, तिला सहा महिने धरूनच चाला.

क्रिप्टोच्या एका जातवाणाच्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना लागण व्हायला १३२ ऊसिस्ट पुरल्या होत्या. हाताला लावायचं अल्कोहोल आणि ओट्यावर टाकायचं ब्लीच यांनी ती मरत नाही. हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचे, भांडी उकळायची, कचरा ऑटोक्लेव्ह करायचा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या सहकाऱ्याने जिवंत ऊसिस्टचं काम करू नये.

जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. पण अँटिबॉडी, मणी आणि सिक्वेन्सिंग यांचा खर्च त्यातून निघत नाही. तो मार्गदर्शकाच्या प्रकल्पात आहे का हे रुजू होण्याआधी विचारा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती असते. दोन महिन्यांत रिकव्हरीचा एक छोटा अभ्यास व्यवस्थित होतो, आणि तो छापण्याजोगा असतो. पीएचडीनंतरच्या वाटा सांगायच्या तर वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतलं अध्यापन, आयसीएमआरच्या संस्था, नागपूरच्या नीरीसारखी पाण्यावर काम करणारी केंद्रं आणि अन्न तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा. या शेवटच्या ठिकाणी पद्धत प्रमाणित करून देता येणारा माणूस शोधत असतात, आणि रिकव्हरीच्या वह्या तिथे पदवीपेक्षा जास्त बोलतात.

पहिला शोधनिबंध पद्धतीचा काढा: आपल्या भागातल्या पाण्यात किंवा भाजीत रिकव्हरी किती मिळते. दुसरा प्रमाणाचा, तिसरा जनुकीय प्रकारांचा. हा क्रम उलटा केला तर परीक्षक तिसऱ्या निबंधाला पहिल्या दोन्हींतले प्रश्न विचारतात.

गावाला निकाल देताना

ज्या विहिरीचं पाणी घेतलं त्या ग्रामपंचायतीला निकाल लेखी द्या, शोधनिबंधाची वाट न बघता. महाराष्ट्राला पाण्यातल्या परजीवीची ओळख नवी नाही. नारू इथल्या पायविहिरींतून पसरत होता, आणि पायऱ्या बंद करणं, पाणी दुहेरी कापडातून गाळणं अशा साध्या उपायांनी तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण नारू वाहून नेणारा सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव कापडात अडकतो, क्रिप्टो अडकत नाही. लोकांना ‘गाळून प्या’ एवढंच सांगितलं तर चुकीचा दिलासा मिळेल.

पत्रात एवढ्या गोष्टी पुरतात: कुठलं पाणी, कोणत्या तारखेला, किती लिटर तपासलं, काय सापडलं, सापडलं नसेल तर किती प्रमाणापर्यंत आमच्या पद्धतीतून सुटू शकतं, टीसीएल चालूच ठेवा, कारण कॉलरा-टायफॉइडचे जिवाणू त्यानेच मरतात, आणि लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं यांच्यासाठी पाणी खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवून, झाकून निवू द्या. पत्राखाली प्रयोगशाळेचा फोन नंबर लिहा, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच विहिरीवर परत जायची तारीख वहीत मांडून ठेवा.